पायाला लागलं, मग फुफ्फुसं कशी बिघडली?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या मांडीवर केळीने भरलेली ट्रॉली कलंडली. वय बावीस. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, मांस ठेचलं गेलं, रक्त बरंच वाहून गेलं. डोकं, छाती, पोट मात्र शाबूत. साधा ओरखडाही नाही. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या चढल्या, हाडाला बाहेरून सळ्यांची फ्रेम लागली आणि दुसऱ्या दिवशी पोरगं आईकडे चहा मागायला लागलं. घरच्यांनी देवाला नारळ कबूल केला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला दम लागला. दुपारपर्यंत ऑक्सिजनचा मास्क पुरेना आणि संध्याकाळी तो व्हेंटिलेटरवर होता.

छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजू दुधाळ पांढऱ्या. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १९,४००.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावी बत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यामुळे असा कागद हातात पडला की लोक माझं दार वाजवतात. पोराची आई ओट्यावर बसली आणि एवढंच म्हणाली, "नाना, पायले लागनं व्हतं ना, मंग छाती कशी बिघडनी?" तिच्या दिराकडे उत्तर तयार होतं. दवाखान्यातच इन्फेक्शन लागलं, पांढऱ्या पेशी वाढल्या हाच पुरावा. चार माणसं जमवून जाब विचारायला जायची तयारी चालली होती.

त्या माउलीचा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनाही साठ वर्षांपासून छळतो आहे. आणि उत्तर बऱ्याच अंशी त्या १९,४०० मध्येच आहे, फक्त दीर वाचत होता तसं नाही.

आधी आकड्याचं बघू. एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असल्या की आम्ही नॉर्मल म्हणतो. आता मशीन मोजतं. माझ्या उमेदीच्या काळात न्यूबाउर चेंबरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या आखीव काचेच्या, चौकटी डोळ्याने मोजायच्या, मग काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, लीशमन स्टेन नावाचा रंग टाकायचा आणि शंभर पेशींत कोणत्या जातीच्या किती ते टिपायचं. निम्म्याहून जास्त भरायच्या त्या पॉली. पुस्तकात त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. तीन-चार गाठींचं जांभळं केंद्रक आणि भोवती बारीक रवा, अशी ही पेशी. माणूस धडधाकट असताना हाडांच्या मगजात या पेशी दिवसाला सुमारे १०,००० कोटी तयार होतात आणि रक्तात आल्यावर जेमतेम काही तास, फार तर एखादा दिवस जगतात.

रिपोर्टमधला आकडा फक्त वाहत्या रक्तातल्या पेशींचा असतो. कितीतरी पॉली रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून बसलेल्या असतात, गावातली रिकामी माणसं पारावर बसतात तशा. कुठे आग लागल्याची बोंब झाली की पारावरचे सगळे उठतात आणि रस्ता एकदम भरलेला दिसतो. गावाची लोकसंख्या काही वाढलेली नसते. अपघातात शरीरात ॲड्रेनलिन उसळतं आणि भिंतीवरच्या पेशी तशाच उठतात. पाठोपाठ मगजातला राखीव साठा बाहेर पडतो. साठा कमी पडू लागला तर अर्धवट वाढलेल्या पेशीही निघतात. आम्ही त्यांना बँड फॉर्म म्हणायचो. म्हणजे एकही जंतू अंगात नसताना, निव्वळ जबर माराने, काही तासांत आकडा १५-२० हजारांवर जाऊ शकतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तरी तो वाढतो. पुढच्या आठवड्यात खरंच इन्फेक्शन होऊ शकतं, होतंही, आणि डॉक्टर त्यावर नजर ठेवूनच असतात. पण ‘पेशी वाढल्या म्हणजे जंतू’ हे आपल्याकडे घरोघरी पाठ झालेलं सूत्र इथे चालत नाही.

मग जंतू नसताना या पेशी कुणाच्या हाकेला धावतात?

ही धाव पहिल्यांदा नीट पाहिली ती इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने, १८८२ साली, इटलीतल्या मेसिना गावी. समुद्रातल्या तारामाशाचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. त्याच्या अंगात मेचनिकोव्हने काटा टोचला आणि सकाळी भिंगातून पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. पांढऱ्या पेशी परक्याला गिळतात, हा विचार तिथून पुढे आला आणि त्यासाठी १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. जोडीला पॉल एर्लिख होता, ज्याने रंग टाकून या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या. आम्हा लॅबवाल्यांचा मूळपुरुष खरं तर तोच.

काटा परका असतो, त्यामुळे त्याच्याभोवती पेशी जमल्या तर नवल नाही. पण ट्रॉलीखाली ठेचलेली मांडी तर स्वतःचीच आहे. इथे गोष्ट थेट दीड-दोनशे कोटी वर्षं मागे जाते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. अन्न जाळून ऊर्जा देण्याचं काम त्यांचं. या भट्ट्या मूळच्या आपल्या नव्हेत. फार पूर्वी एक स्वतंत्र जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच भाडेकरू म्हणून राहिला. पुढे घरचाच झाला. पण सातबाऱ्यावर त्याचं जुनं नाव अजून तसंच आहे. त्याचा डीएनए जिवाणूंसारखा गोल आहे, त्याच्या काही प्रथिनांची सुरुवातही जिवाणूंच्याच धाटणीची आहे. पेशीच्या चार भिंतींआड हे सगळं असतं तोवर कुणाला पत्ता लागत नाही. मांडीचं मांस ठेचलं की कोट्यवधी पेशी फुटतात आणि हे जुने सातबारे रक्तात वाहू लागतात. पॉलीजवळ जिवाणू ओळखायची जी खूण असते ती यांनाही तंतोतंत जुळते. बोस्टनच्या कार्ल हाऊझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हे दाखवून दिलं: जबर जखमी माणसांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए भरपूर सापडला आणि असा माल उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांत सोडल्यावर पॉली चवताळल्या, फुफ्फुसांना इजा झाली. जंतूचा पत्ता नसताना.

मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट हीच. शरीर मूर्खपणा करत नाही. त्याच्याकडे असलेल्या कागदपत्रांवरून ते बरोबरच वागतं.

हाक एकदा गेली की ती वाढत जाते. चोपडा-रावेरच्या माणसाला हे समजवायला फार कष्ट नकोत. कच्च्या केळीच्या ढिगात एक पिकलं केळ राहिलं तर त्याच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने शेजारचं पिकतं, ते पिकताना स्वतः वायू सोडतं, आणि एक-दोन दिवसांत अख्खा ढीग पिवळा. पॉली अशाच एकमेकींना बोलावतात. पहिली पोचलेली पेशी रसायन सोडते, त्या वासावर दहा येतात, दहांच्या वासावर शंभर. साध्या जखमेत हा गुण कामाचा आहे, बोटात काटा गेला तर तासाभरात फौज हजर. मांडीएवढा मांसाचा भाग ठेचला गेला तर हाक त्या जागेपुरती राहत नाही, रक्तातून सगळ्या अंगभर जाते. आणि मग सगळ्या रक्तातल्या पॉली कमरेला शस्त्र लावून फिरतात, लढाई नसलेल्या गावांतूनसुद्धा.

शस्त्रं कोणती, तर पहिलं आपल्या ओळखीचं आहे. ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, तिच्यातून पाण्यात जे जंतुनाशक आम्ल तयार होतं तेच, अगदी तेच, हायपोक्लोरस आम्ल पॉली स्वतःच्या पोटात बनवते. ते बनवणारं प्रथिन हिरवट असतं; पू हिरवा-पिवळा दिसतो तो बराचसा त्याच्यामुळे. दुसरं शस्त्र म्हणजे इलॅस्टेज, मांस आणि रक्तवाहिनीचा ताणता येणारा धागा कापणारी कात्री. आणि तिसरं जाळं. २००४ साली बर्लिनच्या संशोधकांना दिसलं की पॉली आपल्याच केंद्रकातला डीएनए उलगडून बाहेर फेकते आणि तापीतल्या कोळ्याच्या जाळ्यासारखे त्यात जिवाणू अडकतात. पण त्याच जाळ्यात रक्ताच्या बारीक गाठीही अडकतात, वाढतात आणि केसाहून बारीक वाहिन्या बुजतात.

या शस्त्रांना शरीराने लगाम ठेवलेला आहे. यकृत एक प्रथिन बनवून रक्तात सोडतं, ते कात्री दिसली की तिला पकडून निकामी करतं. गंमत म्हणजे पॉलीचं ते ब्लीचिंग या लगामालाच जाळतं. म्हणजे एक शस्त्र दुसऱ्या शस्त्राचा पहारेकरी बाजूला करून देतं. जिवाणूशी लढताना हे सोयीचं, पण घरातच गोळीबार चालू असेल तर काय होत असेल ते समजून घ्या.

आता छाती. गोळीबार अंगभर आहे, तर फुफ्फुसंच आधी का? यात काही गूढ नाही, निव्वळ रस्त्याचा हिशोब आहे. पायाकडून परत निघालेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून सगळंच्या सगळं फुफ्फुसात जातं. मिनिटाला साधारण ५ लिटर. मूत्रपिंडाला, मेंदूला आपापला वाटा मिळतो. फुफ्फुसाला पूर्ण माल. तिथल्या केशवाहिन्या सरासरी ५-६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि पॉली ७-८ मायक्रॉनची. तांबडी पेशी चपटी, लवचीक, दुमडून निसटते. पॉली गोल आणि ताठर. तिला अंग चोरून, हळूहळू सरकावं लागतं. त्यामुळे माणूस बरा असतानाही फुफ्फुसात पॉलींची गर्दी असतेच. चवताळलेली पॉली आणखी ताठ होते, शिवाय तिच्या अंगावर चिकटणाऱ्या आकड्या उगवतात. मग ती अरुंद बोळात अडकते. जळगावच्या बाजारातल्या गल्लीत ट्रक शिरावा तशी. अडकून नुसती राहती तरी निभलं असतं, पण ती तिथेच शस्त्र बाहेर काढते.

आणि जागा किती नाजूक! फुफ्फुसातले हवेचे फुगे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचं घर. एवढ्या पसाऱ्यात हवा आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. पॉली त्याला भोकं पाडते, रक्तातलं प्रथिनयुक्त पाणी फुग्यांत शिरतं. एक्स-रेवर हवा काळी दिसते आणि पाणी पांढरं. पोराच्या फिल्मवरचा तो दुधाळ रंग म्हणजे फुग्यांत शिरलेलं त्याच्याच रक्तातलं पाणी. कोरड्या जमिनीवर, अंगणात बुडणं म्हणतात ते हे. डेन्व्हरच्या ॲशबॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली असे बारा रुग्ण एकत्र मांडले, त्यात अपघातातले जखमीही होते, आणि या आजाराला पुढे एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं अचानक निकामी होऊन श्वास कोंडणं, हे नाव पडलं. त्याच सुमारास व्हिएतनाम युद्धातले अमेरिकी सैन्याचे डॉक्टर याला तिथल्या शहराच्या नावावरून दा नांग फुफ्फुस म्हणत होते. हातापायाला गोळी लागलेला जवान रक्त देऊन वाचवावा आणि दोन-तीन दिवसांनी तो श्वासासाठी तडफडावा, हे त्यांना रोजचं झालं होतं.

मांडीचं हाड मोडलं की हाडातली चरबी थेंबाथेंबाने रक्तात सुटते आणि तीही फुफ्फुसात जाऊन बसते. आमच्या पोराच्या बाबतीत तिचा वाटा किती आणि पेशींचा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवू शकत नाही. चरबीचे थेंब अडकले की तिथेही पॉलीच धावून येतात, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी एक गोष्ट त्या आईला मी सांगितली नाही, पण इथे सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे ती वारंवार घडते. रक्त बंद पडणं वाईट, हे सगळ्यांना कळतं. रक्त पुन्हा सुरू होणंही वाईट असू शकतं, हे कळत नाही. गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटतं तेव्हा पहिलं पाणी कुणी पाहिलंय? महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या चारीतला पालापाचोळा, प्लॅस्टिक, मेलेली घूस, सगळं त्या पहिल्या लोंढ्यापुढे येतं. दाबलेल्या किंवा बांधलेल्या पायात चार-सहा तास रक्त नसेल तर तिथल्या पेशी उपाशीपोटी जो कचरा साठवतात तो असाच. रक्त परत आलं की त्यासोबत ऑक्सिजन येतो, साठलेल्या रसायनांशी त्याची गाठ पडते आणि जळजळीत ऑक्सिजनचे कण सुटतात. केशवाहिन्यांच्या भिंती सुजतात, पॉली लोंढ्याने चिकटतात आणि मोठी वाहिनी उघडी असूनही बारीक वाहिन्यांत रक्त सरकत नाही. उरलेला कचरा हृदयाकडे, फुफ्फुसाकडे, मूत्रपिंडाकडे. हार्ट ॲटॅकमध्ये बुजलेली नळी उघडल्यावर हृदयाच्या स्नायूला जी थोडी नवी इजा होते, तीही याच जातीची. म्हणून नळी उघडायचीच नाही असं नव्हे, ती जितकी लवकर उघडेल तितका कचरा कमी.

सातपुड्याच्या पायथ्याला अजून हाडवैद्याकडे जायची चाल आहे. काहींच्या हाताला गुण असेल, मी नाकारत नाही. पण मोडलेला पाय सुजत असताना त्याला बांबूच्या कांबी करकचून बांधल्या की आत दाब वाढतो, रक्त थांबतं आणि वर सांगितलेला सगळा प्रकार घरबसल्या सुरू होतो. पट्टीखाली असह्य दुखणं, बोट हलवलं तरी जीव जाईल इतकं. मग मुंग्या, बधिरपणा, पाय थंड. ही लक्षणं दिसली तर उजाडायची वाट बघत बसू नये. डॉक्टर अशा वेळी कातडी आणि स्नायूवरचं आवरण लांबवर चिरून उघडं ठेवतात. नातेवाइकांना ते बघवत नाही, पण पाय आणि कधीकधी मूत्रपिंड त्यानेच वाचतं.

मूत्रपिंडाचं कारण थोडं वेगळं आहे. ठेचलेल्या स्नायूतलं लाल प्रथिन तिथल्या नळ्यांत अडकतं, लघवी चहासारखी होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली, वरवर बरी दिसणारी माणसं काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून दगावली. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये ते लिहून ठेवलं. पॉली तिथेही हात धुऊन घेतात. यकृत, आतडं यांचीही हीच कथा थोड्या फरकाने, ती इथे लांबवत नाही.

एवढं ऐकल्यावर दीर म्हणाला, मग या पेशी मारून का टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे आणि जगभर लोकांनी ते करून पाहिलं आहे. पॉलीच्या त्या चिकटणाऱ्या आकड्या बोथट करणारी औषधं काढली. सशांवर झकास चालली, माणसांवर फुसकी ठरली. सगळ्यात मोठा धडा स्टेरॉइडचा. डोक्याला मार लागला की सूज उतरवायला स्टेरॉइड द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं, कारण ते बुद्धीला पटत होतं. मग १०,००८ जखमींवर रीतसर चाचणी झाली. २००४ साली निकाल आला: दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. बुद्धीला पटणारी गोष्ट माणसं मारत होती.

पॉली काढून टाकून भागत नाही, याचा पुरावा निसर्गानेही दिला आहे. काही मोजक्या बाळांमध्ये जन्मतःच या आकड्या नसतात. रक्तात पेशी उदंड, पण वाहिनीतून बाहेर पडताच येत नाही. अशा बाळाची नाळ वेळेवर गळून पडत नाही, तीन-चार आठवडे लोंबत राहते. जखमा भरत नाहीत, पू होत नाही आणि साधे जंतू जीवावर उठतात. बेंबीची वाळकी नाळ पडते तीसुद्धा या पेशींनी कुरतडून, हे मला नोकरीत वीस वर्षं झाल्यावर कळलं! ठेचलेलं मांस उचलून नेणं, मेलेल्या पेशी साफ करणं, नव्या पेशींना जागा करून देणं, हे सगळं यांचंच. पॉली साफसफाई करून मरतात, मग मोठ्या भक्षक पेशी येऊन त्यांनाच गिळतात आणि मग दुरुस्तीचा हुकूम सुटतो. शिवाय अपघातानंतर फक्त भडकाच उडतो असं नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की जबर जखमींच्या पांढऱ्या पेशींतल्या ८० टक्क्यांहून जास्त जनुकांचं कामकाज बदलतं. भडका उडवणारी वर जातात आणि त्याच वेळी लिम्फोसाइटची, म्हणजे जंतूंना ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशींची, बाजू लुळी पडते. एकीकडे घर जळतंय, दुसरीकडे दाराची कडी निघालेली. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर खरंखुरं इन्फेक्शन येतं. अशा माणसाला पेशी दाबणारं औषध द्यायचं म्हणजे कडीसोबत दारही काढून द्यायचं.

मग डॉक्टर करतात काय? हाकच कमी जाईल असं बघतात. रक्त लवकर थांबवायचं: ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०,२११ जखमींवरच्या चाचणीत सिद्ध झालं (मूळ निकाल २०१० चा, तीन तासांचा हिशोब २०११ चा), त्यात भारतातले रुग्णही होते. तीन तास उलटल्यावर मात्र त्याचा फायदा नाही, तोटा होऊ शकतो. सातपुड्याकडच्या पाल-यावलच्या बाजूला अपघात झाला तर तीन तास कसे जातात ते तिथल्याच माणसाला विचारा. मेलेलं मांस काढून टाकायचं, कारण तीच हाकेची जागा. व्हेंटिलेटर हळू चालवायचा. पूर्वी छाती भरभरून हवा मारायचे, सुजलेले फुगे ताणून आणखी फाटायचे आणि फुटलेल्या फुग्यांतून नवी हाक जायची. २००० साली ८६१ रुग्णांवर अभ्यास झाला: नेहमीच्या निम्मीच हवा एका श्वासाला दिली तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. फक्त बटण खाली फिरवलं.

आणि शेवटचं म्हणजे ऑपरेशनची वेळ. यावरून आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त बोलणं झालं. बाहेरून सळ्या लावून का ठेवलं, आत रॉड का नाही टाकला, बिल वाढवायला पुढे ढकलतात वगैरे. हाडाच्या पोकळीत रॉड ठोकणं हा शरीराला दुसरा अपघातच असतो. मगज ढवळला जातो, चरबी सुटते, रक्त जातं, नवे सातबारे वाहू लागतात. माणूस स्थिर असेल तर पहिल्याच दिवशी रॉड टाकणं उत्तम. पण रक्त खूप गेलेलं, मांस ठेचलेलं असेल तर आधी फक्त फ्रेम लावून हाड आवळून ठेवतात. दुसरा ते चौथा दिवस सगळ्यात वाईट, पॉली तेव्हा भरलेल्या बंदुका घेऊन फुफ्फुसात बसलेल्या असतात आणि एक धक्का पुरतो. पाचव्या दिवसापासून पुढे, आकडे उतरले की, मोठं ऑपरेशन झेपतं. बिल वाढतं हे खरं आहे. वेळ निवडण्यामागचं कारणही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे दिराला पटायला मला दोन चहा लागले.

त्या आईला मी एवढंच म्हणालो होतो, "माय, पायाला लागलं ना, त्याच्यासाठी धावून आलेली माणसं वाटेत छातीत अडकली." तिने मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही.

पोरगं अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होतं. सातव्या दिवशी ताप चढला, थुंकीत जंतू सापडले, अँटिबायोटिक बदललं. दिराने माझ्याकडे ‘बघा, मी सांगितलं होतं’ अशा नजरेने पाहिलं. त्याला मी दोष देत नाही, दाराची कडी निघालेली असते हे मीच त्याला सांगितलं होतं. रॉड सोळाव्या दिवशी पडला.

घरी आल्यावर टाके बघून गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. मी निवृत्त असलो तरी लॅबमधली पोरं अधूनमधून भिंगाखाली बघू देतात. आकडा ९,२००. पण मी शोधत होतो दुसरंच. जबर ताण असताना इओसिनोफिल नावाची पांढरी पेशी रक्तातून जवळजवळ गायब होते. पहिल्या आठवड्याच्या त्याच्या सगळ्या रिपोर्टांत तिच्यासमोर शून्य होतं. काचपट्टी सरकवत गेलो. चाळीस-पन्नास पॉली, काही लिम्फोसाइट, आणि मग कडेला ती दिसली, केशरी रवाळ दाण्यांनी ठासून भरलेली. शंभरात तीन भरल्या. पोराची आई बाहेर बाकावर बसली होती, तिला आत बोलावून भिंगातून दाखवली. "केसरी दिखस ती का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.